आठ गाल आणि एक रिकामं घर

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला ते पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी तीन गोष्टी झाल्या. मी माझ्या पैशांनी पहिलं घर घेतलं, माझ्या सासूबाईंची दाढ दुखायला लागली आणि माझ्या धाकट्या दिरांनी कार्डं छापून घेतली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. गुप्तहेराच्या तर मुळीच नाही.

गुप्तहेर म्हणजे आमचे भाऊजी. कार्डावरचा मजकूर त्यांनी स्वतः रचला होता आणि मला तो अजून तोंडपाठ आहे. ‘खासगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी स्वतःची. चोऱ्या, बेपत्ता माणसे, निनावी पत्रे, संशयास्पद शेजारी. उलगडा होवो न होवो, गुप्तता शंभर टक्के.’

गुप्तता इतकी कडक की कार्डावर पत्ताच नव्हता.

“भाऊजी, लोक तुम्हाला शोधणार कसे?” मी विचारलं.

“वहिनी, ज्याला मी सापडत नाही, त्याचं प्रकरण माझ्या लायकीचं नाही.”

पोटापाण्यासाठी भाऊजी रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात कारकून होते. गाडीत लोक वस्तू विसरत, दुसरे लोक त्या सापडल्या म्हणून आणून देत, भाऊजी त्यांना चिठ्ठी लावून फळीवर ठेवत. या कामाला ते ‘माझे शोध’ म्हणत. त्या वर्षापर्यंत त्यांच्या खात्यावर चारशे बारा छत्र्यांचे शोध जमा होते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, रात्रपाळीला. रात्रपाळीचा वेगळा भत्ता मिळायचा आणि त्यावर आमचं घर चालायचं. हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचून दमलेलं माणूस घरी आल्यावर कशाचीच चूक काढत नाही, हा अशा नवऱ्याचा मोठा फायदा. आमची छकुली तेव्हा सहा वर्षांची होती. एकदा शाळेतून तिनं ‘माझी आई’ नावाचं चित्र आणलं. चित्रात एक खाट, खाटेवर एक लांबलचक गोधडी आणि गोधडीच्या एका टोकाला थोडे केस. डोळे नव्हते, तोंड नव्हतं.

“ही मी?” मी म्हटलं.

“हो. तू झोपलीयस.”

तिला आई अशीच माहीत होती. ती उठायची तेव्हा मी झोपायला आलेली असायचे आणि ती निजायची तेव्हा मी कामावर निघायचे. त्या चित्रापुढे मी बराच वेळ बसले आणि ठरवलं, अकरा वर्षांची शिल्लक आहे, तिचं एक छोटं घर घ्यायचं आणि ते भाड्यानं द्यायचं. भाडं भत्त्याएवढं आलं की दिवसपाळीचा अर्ज करायचा. बस, एवढंच. मला काही वाड्या-वस्त्या उभारायच्या नव्हत्या.

घरात मी हे बोलले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आपण तीन खोल्यांत पाच माणसं एकमेकांच्या पायात पाय घालून राहतो, आणि तू घर घेणार ते परक्याला राहायला!”

हे म्हणाले, “घे. तुझे पैसे आहेत.” आणि पुढचं प्रूफ हातात घेतलं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, हे प्रकरण मी हातात घेतो.”

“कसलं प्रकरण? अजून काही झालंच नाही!”

“म्हणूनच. झाल्यावर कुणीही येतं.”

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला काय विचारावं तेच कळत नाही. मी दलालाला विचारलं, पाणी येतं का? तो म्हणाला, येतं. मी विचारलं नाही, किती वाजता येतं आणि कितव्या मजल्यापर्यंत चढतं. मी विचारलं, भाडं किती येईल? विचारलं नाही, वर्षातून किती महिने घर रिकामं राहील आणि गळक्या नळाला पैसे कोण देणार. भाऊजींनी मात्र सत्तेचाळीस प्रश्नांची वही केली होती. त्यातले पहिले तीन असे: या घरात पूर्वी कुणाचा गूढ मृत्यू झाला आहे काय? भिंत पोकळ आहे काय? पळून जाण्यास किती वाटा आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकला दोन जिने होते. पुढचा हमरस्त्यावर उतरणारा, आणि मागचा, स्वयंपाकघराच्या दारातून गल्लीत उतरणारा, अरुंद, लोखंडी.

“आजपासून आपण मागूनच यायचं,” भाऊजींनी फर्मावलं. “गुप्तहेर पुढच्या दारानं आला की अर्धी केस तिथंच मेली.”

मलाही ते सोयीचंच होतं. एक्स्चेंजकडून गल्लीतूनच रस्ता जवळ पडायचा.

घर ताब्यात आलं. आता भाडेकरू शोधायचा. दलाल म्हणाला, “मी आणतो, एक महिन्याचं भाडं माझं.” मला ते जड वाटलं. पेपरात जाहिरात द्यावी म्हटलं तर भाऊजी म्हणाले, “पेपरात दिली की पत्ता फुटतो.”

“भाऊजी, पत्ता फुटावा म्हणूनच जाहिरात देतात.”

“त्यापेक्षा पाटी लावू. पाटी एका जागी राहते, तिच्यावर नजर ठेवता येते.”

भंगारवाल्याकडून त्यांनी दोन हात लांबीची लाकडी पाटी आणली. स्वतः लाल रंगानं अक्षरं काढली: ‘दोन खोल्यांचा ब्लॉक भाड्याने देणे आहे. चौकशी आत.’ अक्षरं फार सुरेख. गॅलरीच्या कठड्याला तारेनं पाटी बांधली, खोलीत चार पावलं मागे येऊन एक डोळा मिटून पाहिलं, परत जाऊन डावी बाजू बोटभर उचलली, पुन्हा मागे आले. असं सहा वेळा. सातव्यांदा मला म्हणाले, “वाचा.”

मी खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचलं. शब्द न् शब्द स्वच्छ दिसत होता.

“उत्तम,” भाऊजी म्हणाले. मीही म्हटलं, उत्तम. ही माझी चूक मी आज लिहून ठेवते, म्हणजे सगळं भाऊजींच्या डोक्यावर जायला नको.

भाऊजींचं कार्यालय साडेचारला सुटायचं. पाच ते सात ते त्या रिकाम्या घरात बसत. मी कामावर जाण्याआधी वाटेत डोकावायचे. भाडेकरू पारखून घ्यायला हवा, नाहीतर तो डोक्यावर बसतो, हे खरंच आहे. पण भाऊजींची पारखायची पद्धत वेगळी होती. खुर्ची त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवली होती. खुर्चीवर बसणाऱ्याच्या थेट तोंडावर उजेड पडेल असा एक दिवा टांगला होता. स्वतः अंगात एक लांब पांढरा कोट घालत. तो कोट कुणीतरी गाडीत विसरला होता आणि वर्षभर न्यायला आला नव्हता. त्याच्यावर पाटी रंगवतानाचे लाल ठिपके उडाले होते. स्वयंपाकघरातला नळ गळत असे आणि प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणून तीन आठवडे येत होता, म्हणून भाऊजींच्या हातात कायम पक्कड असे.

तर अशा तयारीनिशी आम्ही भाडेकरूची वाट पाहू लागलो.

सहा आठवड्यांत आठ माणसं आली. सगळी पुढच्या जिन्यानं. आणि आठही जणं खुर्चीपर्यंत पोचून, काही तर बसूनसुद्धा, पळून गेली.

त्यातली तीन मी डोळ्यांनी पाहिली. पहिला एक धिप्पाड गृहस्थ. दारात उभा राहून हळूच म्हणाला, “इथंच ना?”

“इथंच!” भाऊजी ओरडले. “या, बसा. मी विचारीन तेवढ्याचीच उत्तरं द्यायची.” दिवा लावला. “किती दिवसांपासून?”

“चार दिवस झाले. डोळ्याला डोळा नाही.”

भाऊजींनी वहीत लिहिलं, ‘चार दिवस झोप नाही. अपराधी मन.’ मग नळाचा आवाज आला म्हणून पक्कड उचलली आणि वळून त्याला म्हणाले, “थांबा. आधी हिनं एक काम उरकतो, मग तुमच्याकडे बघतो.”

तो धिप्पाड गृहस्थ एका वेळी तीन पायऱ्या उतरत गेला. भाऊजींनी खुर्चीखाली भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, तुमच्या लक्षात एक गोष्ट आली?”

“माणूस गेला, ही आली.”

“त्यानं उजवा हात गालावर धरला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चेहरा लपवत होता!”

दुसऱ्या आठवड्यात एक शिक्षिका आल्या. त्यांनीही गाल धरला होता. मग एक टॅक्सीवाला, त्याचा गाल तर रुमालानं डोक्यापर्यंत बांधलेला. भाऊजींची वही भरू लागली. त्यांनी मला ती वाचून दाखवली.

“आठ माणसं. आठ गाल. पाच उजवे, तीन डावे. ही एक टोळी आहे, वहिनी. गालावर हात, ही त्यांची खूण. उजवे वरच्या दर्जाचे, डावे खालचे. आणि ऐका. एकही माणूस पाचच्या आधी येत नाही, सातनंतर येत नाही.”

“पाच ते सात दार उघडं असतं म्हणून.”

“मी एक दिवस रजा घेऊन सकाळपासून बसलो होतो. पाचपर्यंत जिन्यावर पाऊल वाजलं नाही. आणि रविवारी? रविवारी दिवसभर बसलो. एक गाल नाही. टोळीला रविवारची सुट्टी आहे!”

“फार नियमानं चालणारी टोळी आहे,” मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही. दुसरा महिना सरत आला होता. घराला कुलूप, इमारतीची वर्गणी चालू, आणि मी तशीच रात्रपाळीला.

भाऊजींच्या संशयाला आता पाय फुटले. समोरच्या फुटपाथवर एक घड्याळजी बसायचे. डोळ्याला भिंग लावून ते वर आमच्या गॅलरीकडे बघत आणि मान हलवत. “पाहिलंत? डोळ्याला भिंग! पाळत ठेवायला माणूस नेमलाय, तोही साधनांसकट.” मग संशय दलालावर गेला. मग वरच्या मजल्यावरच्या म्हातारीवर, कारण ती कधीच दिसली नव्हती. मग असं निघालं की वरच्या मजल्यावर म्हातारीच नाही. तेव्हा भाऊजी म्हणाले, “मग तर संशय आणखी बळावतो.”

घरी सासूबाई गाल धरून बसलेल्या असत. दाढ ठणकत होती, पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्यांचा ठणका थांबायचा. लवंग धरायची, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या, असं चाललं होतं.

“धाकट्या,” त्या एकदा म्हणाल्या, “जगाचे शोध लावतोस, तर आईला न दुखवता दाढ काढणारा एक डॉक्टर शोध की.”

“आई, क्षुल्लक कामं मी घेत नाही.”

“नाहीतरी तुला सापडणार नाहीच. छत्रीत असता तर सापडला असता.”

आईच्या गालावर हात आहे, हे भाऊजींनी तेव्हा वहीत लिहिलं नाही. घरातली माणसं घारीच्या नजरेला दिसत नाहीत. ती फार जवळ असतात.

अडीच महिने होत आले आणि दलाल घरी आला. पानाच्या गादीवर बसावं तसा आमच्या खाटेवर मांडी घालून बसला.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका. काही जागा असतात अशा. कुणी टिकत नाही. मी घेतो परत. घेतली त्याच्या पाऊण किमतीत. रविवारी कागद करू. पुढच्या महिन्यात म्हणाल तर अर्ध्यावर येईल हां.”

यांनी प्रूफ खाली ठेवलं. ही मोठी घटना होती. “तुला काय वाटतं?” त्यांनी मला विचारलं.

 ते पैसे म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या रात्री होत्या. कानाला यंत्र लावून, दुसऱ्यांची बोलणी जोडून देत काढलेल्या. त्यातला चौथा हिस्सा एका सहीत जाणार होता. पण पाऊण हातात आहे, उद्या अर्धं उरलं तर? मी म्हटलं, “रविवारी या.”

छकुलीनं विचारलं, “मग तू दिवसा कामाला जाणार ना?” मी म्हटलं, “बघू.” ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे सहा वर्षांच्या मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं.

रविवारी अकरा वाजता आम्ही त्या रिकाम्या घरात जमलो. दलाल पुढून आला. मी, हे आणि भाऊजी मागच्या लोखंडी जिन्यानं. खोलीत तीच खुर्ची, तोच दिवा. दलालानं खुर्चीवर कागद पसरले. मी गुडघ्यावर बसून पेन उघडलं. गॅलरीतून उन्हात आमची पाटी दिसत होती. ‘भाड्याने देणे आहे.’ इतकी सुबक अक्षरं, आणि कुणाला घर नको होतं.

“थांबा!” भाऊजी म्हणाले. “सही करण्याआधी मी गुन्हेगाराचं नाव जाहीर करणार आहे.”

“धाकट्या, लवकर कर,” हे म्हणाले.

“गुन्हेगार या खोलीतच आहे. दलाल! टोळी याची आहे. आठ गाल यानं भाड्यानं आणले. भाडेकरू म्हणून पाठवले, पळवले, आणि आता जागा स्वस्तात घेतोय!”

दलाल शांतपणे म्हणाला, “आठ माणसं पगारावर ठेवली असती तर जागा पूर्ण किमतीत परवडली असती, साहेब.”

भाऊजी त्यावर विचार करू लागले. आणि तेवढ्यात पुढच्या जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. एक पायरी, दम, एक पायरी, दम. भाऊजींनी ओठावर बोट ठेवलं. पक्कड उचलली. दाराच्या आड सरकले. रविवार होता. टोळीनं आपला नियम मोडला होता.

दारात एक हात आला. त्याच्यामागे गाल. गालामागे सासूबाई.

“आई!” भाऊजी किंचाळले. “तूही त्यांच्यातली!”

“कुणातली रे मेल्या?” सासूबाईंनी दम खात खोलीवरून नजर फिरवली. खुर्ची पाहिली, दिवा पाहिला, भाऊजींच्या हातातली पक्कड पाहिली, कोटावरचे लाल डाग पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे खरंच! घरात दाताचा दवाखाना काढलात, आणि आईला सांगितलं नाहीत! दोन महिने मी लवंगा चघळतेय!”



“आई,” मी विचारलं, “दवाखाना कुठला?”

“मला विचारतेस? एवढी ठळक पाटी लावलीय गॅलरीला! मी म्हटलं, सूनबाई घर विकतेय, तर विकण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं तरी, तिनं काय घेतलं होतं. तुमच्यासारखी चोरवाटेनं नाही आले मी, हमरस्त्यानं आले. वर बघते तर हा एवढा मोठा दात काढलाय, हसणारा. खाली लिहिलंय, दात न दुखवता काढून मिळतील, वेळ पाच ते सात, रविवारी बंद. आता रविवारी बंद आहे, पण म्हटलं, घरचीच माणसं आहेत, बघतील.”

मी गॅलरीत धावले. कठड्यावरून ओणवी होऊन पाटीची दुसरी बाजू बघायचा प्रयत्न केला, तेव्हा यांनी मला मागून धरलं, नाहीतर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते. मग आम्ही सगळे खाली गेलो. पुढच्या जिन्यानं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. रस्ता ओलांडला, घड्याळजींच्या टेबलाशेजारी उभे राहिलो आणि वर पाहिलं.

दात खरोखरच हसत होता. त्याला भुवयासुद्धा होत्या.

भंगारवाल्याच्या पाटीला एक कोरी बाजू होती आणि एक रंगवलेली, कुठल्याशा जुन्या दाताच्या दवाखान्याची. भाऊजींनी कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं. आणि पाटी खोलीत उभं राहून लावली, खोलीतून वाचली, खोलीतून सरळ केली. मीही खोलीत बसून वाचून ‘उत्तम’ म्हटलं. आम्हाला वाचता येते ती पाटी रस्त्यावरच्या माणसाला कशी वाचता येईल, हा प्रश्न सत्तेचाळीसमध्ये नव्हता.

“मी रोज बघतो,” घड्याळजी भिंग काढून म्हणाले. “माणसं गाल धरून वर जातात आणि धावत खाली येतात. मी मनात म्हणायचो, या डॉक्टरचा हात फार जड दिसतोय.”

“आणि तुम्ही?” यांनी दलालाकडे वळून विचारलं. छापखान्यात चूक सापडल्यावर ते जसे शांत होत, तसे शांत होते. “तुम्ही पुढूनच येता-जाता. तुम्ही ही पाटी किती दिवस बघताय?”

“मला वाटलं, तुमची काही युक्ती असेल,” दलाल म्हणाला. ते खरं होतं की नाही, ते त्यालाच ठाऊक. पण तो कागद घ्यायला वर आला नाही. मी पेनाला टोपण लावलं.

भाऊजींनी खिशातून भिंग काढून दात पाहिला. मग म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, गालात काहीतरी आहे.”

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना खऱ्याखुऱ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांकडे गर्दी होती म्हणून त्यांच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला घेतलं. एका कोपऱ्यात पडद्यामागे त्यांची खुर्ची. मोठे डॉक्टर त्यांना फक्त लहान मुलं आणि म्हाताऱ्या बायका देत. सासूबाई तोंड उघडेनात, म्हणून त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं यासाठी मी ही सगळी हकिकत सांगायला घेतली. सासूबाईंना मध्ये बोलायचं होतं, त्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि दाढ निघाली. त्यांना कळलंसुद्धा नाही. “पुढं काय झालं ते नीट सांग ना,” एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

“आठ पेशंट? सहा आठवड्यांत? डॉक्टर नसताना?”

“हो.”

“पाटी उतरवलीत का?”

“आज उतरवणार आहोत.”

“उतरवू नका,” त्या म्हणाल्या. “मला जागा दाखवा.”

त्या संध्याकाळी आल्या. पुढच्या जिन्यानं. चार मिनिटांत त्यांनी विचारलं, पाणी किती वाजता येतं, दुसऱ्या मजल्यावर जोर असतो का, नळ गळला तर दुरुस्ती कुणाची, म्हाताऱ्या माणसाला जिना चढवेल का, दवाखाना चालवायला इमारतीतल्या लोकांची हरकत आहे का, भाडं दर वर्षी वाढणार की दर तीन वर्षांनी. प्रत्येक प्रश्नावर मी ‘विचारून सांगते’ म्हणत होते आणि मनात म्हणत होते, हे मी घेताना विचारायला हवं होतं. भाऊजींनी आपल्या वहीतला एक प्रश्न विचारला, “आपल्यावर कुणी पाळत ठेवून आहे काय?”

“अजून नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाच वाजता येतील, अशी आशा आहे.”

खुर्ची जागच्या जागी राहिली. दिवाही. फक्त पक्कड बदलली.

पहिल्या महिन्याचं भाडं आलं त्या दिवशी मी दिवसपाळीचा अर्ज दिला.

आता त्या सगळ्यांचं पुढं काय झालं ते सांगते, कारण ते सगळं आज आठवणारी मी एकटीच उरले आहे.

डॉक्टरीणबाई अकरा वर्षं तिथं होत्या. मग त्यांनी दवाखान्यासाठी खालचं दुकान घेतलं. एकही भाडं उशिरा आलं नाही. त्या पळालेल्या आठांपैकी सहा जण त्यांच्याकडे परत आले. तो धिप्पाड गृहस्थ मात्र जिन्यात उभा राहून आधी विचारायचा, “पांढऱ्या कोटातले ते दुसरे आज आहेत का?”

दलालानं नंतर मला दोन जागा दाखवल्या. त्यातली एक मी घेतली. त्याला कमिशन पूर्ण दिलं, पण जागा त्याच्याबरोबर नाही, एकटीनं जाऊन, तीन वेगवेगळ्या वेळी पाहिली. घड्याळजींनी माझं मनगटी घड्याळ आयुष्यभर फुकट दुरुस्त केलं. म्हणायचे, त्या अडीच महिन्यांत मला जेवढी करमणूक झाली, तिचे पैसे कुठे दिलेत मी!

सासूबाई आणखी सोळा वर्षं जगल्या. ‘आमच्या सूनबाईचं घर’ असं त्या चारचौघांत म्हणायला लागल्या आणि ते कसं वाचवलं, ते दर वेळी थोडं वाढवून सांगायच्या. शेवटी शेवटी त्या गोष्टीत त्यांनी दलालाला जिन्यावरून ढकललेलं होतं. हे निवृत्त होईपर्यंत प्रुफं तपासत राहिले. त्यानंतर रस्त्यातून चालताना ते प्रत्येक पाटीच्या मागं जाऊन दुसरी बाजू बघायचे. ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

भाऊजींनी नवी कार्डं छापली. त्यात एक ओळ वाढवली: ‘दंतविषयक टोळ्यांचा विशेष अभ्यास.’ या वेळी पत्ताही होता, पण कार्डाच्या मागच्या बाजूला. सातशे तीन छत्र्यांवर ते निवृत्त झाले. त्यांची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात अठ्ठेचाळिसावा प्रश्न लिहिलेला आहे: ‘हे घर समोरच्या फुटपाथवरून कसे दिसते?’ आजकाल नात्यातली मुलं घरात पैसे गुंतवायचे म्हणून मला विचारायला येतात, हातात मोठाले तक्ते घेऊन. मी त्यांना तेवढंच पान वाचायला देते.

आणि छकुली? ती आता स्वतः आजी झाली आहे. पण मी दिवसपाळीला लागले त्या वर्षी शाळेत तिला पुन्हा ‘माझी आई’ काढायला सांगितलं होतं. या वेळी खाट नव्हती, गोधडी नव्हती. कागदभर मी उभी होते, बशीएवढे दोन उघडे डोळे, आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं तोंड. सगळे दात दाखवून. डॉक्टरीणबाईंनी ते चित्र मागून घेतलं आणि दवाखान्यात खुर्चीसमोर लावलं.

सासूबाईंनी एकदा त्यातले दात मोजले. अठ्ठेचाळीस भरले.